पडद्याआडचा हंडा

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. मित्रांनो, एवढं सांगून जरा थांबतो आणि आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो. माझी गोष्ट ऐकायला आलात हे ठीक आहे, पण का आलात? माझ्याकडे उगाच कुणी येत नाही. कुणाला रस्सा हवा असतो, कुणाला नुसती ऊब हवी असते, तर कुणाला माझ्यात काय काय पडतं त्यावर डोळा ठेवायचा असतो. तुमच्या हातात वाडगा नाही आणि फोनही दिसत नाही, तेव्हा सांगतो. पण मध्येच हसू नका. हसणाऱ्या माणसाचा मला फार संशय येतो.

माझा जन्मच संशयात झाला. कारखान्यात वितळलेलं बीड साच्यात ओतलं, ते निवलं, साचा फोडला आणि मी बाहेर आलो. तुमच्याकडे बाळ जन्मलं की त्याला कुरवाळतात. मला ठोकलं. तडा गेलेला हंडा बद्द वाजतो, म्हणून कारागिराने मला ठोकून कान लावला. मी खणखणीत वाजलो, तरी त्याने पुन्हा ठोकलं. मग व्यापाऱ्याने ठोकलं, मग भांड्यांच्या दुकानदाराने, मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने. मी चांगला आहे हे सगळ्यांना ऐकायचं होतं, पण ऐकून विश्वास मात्र कुणाचाच बसत नव्हता. जगाने मला जे शिकवलं तेच मी शिकलो.

एके दिवशी त्या दुकानात चो पिल-न्यो नावाची बाई आली. बुसानच्या बंदरात येओंगदो नावाचं बेट आहे. तिथे दुरुस्तीला येणाऱ्या जहाजांचा गंज हातोडीने ठोकून काढायचं काम ती करायची. वर्षानुवर्षं लोखंडावर लोखंड आपटून तिचे कान जवळजवळ गेले होते, त्यामुळे ती बोलायची ते ओरडूनच. नवरा वारला होता, मुलगा लहान होता आणि तिला जहाजांना टेकवलेल्या त्या शिड्यांवरून उतरून स्वतःचं रश्श्याचं दुकान काढायचं होतं.

"बाई, आवाज तर ऐका! घंटाच जशी!" दुकानदार मला ठोकत म्हणाला.

"ऐकू आलं असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते? जहाजावरच बसले असते की ठोकत," पिल-न्यो ओरडली. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

तिने एक तळहात माझ्या पोटावर सपाट ठेवला, डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने एकदा ठोकलं. माझ्या अंगातली थरथर तिच्या हातात गेली. "अख्खा आहे," ती म्हणाली. पुन्हा ठोकलं नाही. मला तर तिचाच संशय आला. एकदा ठोकून जिचं समाधान होतं ती बाई एक तर भोळी असणार, नाही तर लबाड.

मित्रांनो, ती दोन्ही नव्हती. बेटावरच्या चढाच्या गल्लीत तिने दुकान मांडलं आणि मला अगदी दारात, खिडकीशी, चुलाणावर बसवलं. डुकराचं तेल चोळून मला मंद आचेवर तापवलं, पुन्हा चोळलं, पुन्हा तापवलं. ते तेल माझ्या अंगात मुरलं आणि मी काळा कुळकुळीत झालो. मग माझ्यात हाडं पडली, पाणी पडलं, आणि पांढरा दाट रस्सा शिजू लागला.

आता तिची काम करायची रीत नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. पिल-न्यो सकाळी भात करून निवत ठेवायची. गिऱ्हाईक आलं की मातीच्या वाडग्यात गार भात घालायचा आणि वर मांसाचे काप. मग ओगराळ्याने माझ्यातला कढत रस्सा त्यावर ओतायचा, भात ओगराळ्याने अडवायचा, वाडगा तिरपा करायचा आणि तोच रस्सा परत माझ्यात सोडायचा. पुन्हा ओतायचा, पुन्हा सोडायचा. असं करता करता शीत न् शीत आतून गरम होतं, वाडगा तापतो आणि तरी जीभ भाजत नाही. याला आमच्याकडे तोर्योम म्हणतात. शेवटी रस्सा भरला की वाडगा गिऱ्हाइकापुढे जातो. त्याच्या आधी त्याला कुणाचा चमचा लागलेला नसतो. हे विसरू नका.

माझ्या सगळ्यांत जवळच्या बाकड्यावर बाक नावाचा टॅक्सीवाला बसायचा. तिथे ऊब जास्त, म्हणून. त्याचं आणि पिल-न्योचं रोजचं भांडण ठरलेलं असायचं.

"मावशी, आज रस्सा पातळ झालाय."

"तुझी जीभ पातळ झालीय. खारवलेला जवळा घाल त्यात आणि गप गिळ."

"बरं, भाताला अजून एक आंघोळ तरी घाल. बाहेर काय गारठा आहे!"

"तुझ्या टॅक्सीला घाल आधी. आठवडाभर पारोशी आहे ती."

आणि असं म्हणत ती त्याच्या भातावर आणखी एकदा रस्सा फिरवायची. बंदरातले कामगार, आजारातून उठलेले म्हातारे, रात्री जास्त घेतलेले तरुण, सगळे माझ्यापुढे वाडगा धरून बसत. "हंडा जुना, म्हणून चव आहे," असं म्हणत. मी स्तुतीवर विश्वास ठेवत नाही. तरी ती ऐकायला मी चुकत नसे, हेही खरं.

पिल-न्योचा मुलगा मोठा झाला, जहाजावर नोकरीला लागला, त्याने लग्न केलं आणि बायकोला आईपाशी ठेवून तो समुद्रावर गेला. सुनेचं नाव बो-राम. ती आधी एका कॉफीच्या दुकानात कामाला होती. स्वभावाने शांत, बोलणं हळू. इतकं हळू की फोनवर तर ती नुसती कुजबुजायची. ज्या घरात घसा फोडून बोलायची पद्धत आहे तिथे कुजबुजणाऱ्या माणसावर लक्ष ठेवावंच लागतं. मी ठेवलं.

माझा संशय तिने लवकरच खरा केला. एका दुपारी मी रिकामा असताना तिने मला साबण लावला. फेस करून, काथ्याने घासून, मनापासून. तेवढ्यात पिल-न्यो आली.

"अगं, हे काय केलंस?"

"आई, किती तेलकट झाला होता तो."

"तेलकट? ते तेल मुरवायला माझी उमर गेली! बीड साबण पितं, सूनबाई. आता या हंड्यात रस्सा करू की कपडे भिजत घालू?"

बो-रामचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून सासूने मला पुन्हा तेल चोळलं आणि सून शेजारी उभी राहून बघत होती. ती शिकायला उभी होती, असं पिल-न्योला वाटलं. ती माझ्या मरणाची दुसरी युक्ती शोधत होती, असं मला वाटलं.

मग समोर एक चकचकीत उपाहारगृह उघडलं. पांढऱ्या भिंती, बारीक दिवे आणि भांडं म्हणाल तर एक दिसेल तर शपथ. आमची तरुण गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. बो-राम सासूला म्हणाली, "आई, लोकांना जेवण बघायचं असतं. धूर आणि हंडा कोण बघतं? स्वयंपाक मागे नेऊया."

"तुझ्या वयाच्या लोकांचं तुलाच ठाऊक," पिल-न्यो म्हणाली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली.

मला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन सिमेंटच्या ओट्यात पक्कं बसवलं. मध्ये भिंत आली, भिंतीतल्या चिंचोळ्या दाराला आखूड पडदा आला आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेला दुधी कागद चिकटवला गेला. आता मला माणसं दिसत नव्हती. पडद्याखालून त्यांचे बूट तेवढे दिसत. मी बुटांवर संशय घ्यायला शिकलो. बाकचा उजवा बूट टॅक्सीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून दाबून टाचेशी झिजलेला होता, तो मात्र मी लगेच ओळखायचो. त्याचं बाकडं आता भिंतीपलीकडे होतं आणि तिथे ऊब नव्हती, तरी तो यायचा.

मग एक दिवस पांढरे कोरे बूट पडद्याजवळच्या टेबलाशी बसले. बो-राम ताट घेऊन बाहेर पडली, पडदा तिच्या खांद्याला अडकून बाजूला झाला, आणि त्या फटीतून त्या तरुणाला दिसलं की एक म्हातारी वाडग्यातलं काहीतरी हंड्यात परत ओतते आहे. त्याने विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण त्याने विचारलं नाही. त्याने फोन वर धरला.

आमच्या देशात खाणावळीवर चोरीचा आळ आला तरी चालेल, पण उष्टं परत वाढल्याचा येऊ नये. ती चित्रफीत फोनमागून फोन फिरली. तिच्यात निवलेला भात दिसत नव्हता आणि कोरा वाडगाही दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त पडदा आणि पडद्याआडचा हात. "पिल-न्योच्या दुकानात उष्टा रस्सा हंड्यात जातो," असं शेजारपाजारी बोललं जाऊ लागलं. तपासणीचे साहेब आले, माझं झाकण उघडून बघून गेले, सगळं स्वच्छ आहे असा कागद दारावर लावून गेले. तर लोक म्हणाले, आधी कळवूनच आले असतील.

मित्रांनो, खरं सांगतो, मला तरुणाचा संशय नव्हताच. माझा सगळा संशय बो-रामवर होता. फोन सतत तिच्या हातात. पडदा तिच्याच खांद्याने सरकला. दुकान बुडालं तर सुटका कुणाची होणार होती? तिचीच.

तरी जुनी गिऱ्हाइकं तुटणार नाहीत असं पिल-न्योला वाटत होतं. म्हाताऱ्या माणसांना तोर्योम काय ते ठाऊक असतं. आणि एका दुपारी तो टाचेशी झिजलेला बूट आला. पिल-न्योने हौसेने भाताला एक आंघोळ जास्तच घातली. बो-राम वाडगा घेऊन गेली आणि सासूने पडदा बोटभर सरकवून पाहिलं.

बाकने वाडगा तळापासून ढवळला. चॉपस्टिकने एक तुकडा उचलून उजेडात धरला. नाकाशी नेला. मग खाली ठेवला. अर्धा वाडगा तसाच टाकून तो उठला.

"पोट भरलं, मावशी," तो बाहेरूनच म्हणाला आणि बूट निघून गेले.

पिल-न्यो ओगराळं हातात धरून उभी राहिली. ती बोलली तेव्हा आवाज इतका खाली होता की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. "बाकने ढवळून बघितलं," ती म्हणाली.

"आई, आपण लोकांना समजावून सांगूया ना," बो-राम म्हणाली. "मी लिहिते सगळं नीट."

"काय लिहिशील? माझी सासू उष्टं वाढत नाही, असं? बाकला हे लिहून सांगायचं? माझ्याजवळ बसून ज्याने आयुष्यभर बघितलं, त्याला?" तिने ओगराळं खुंटीला अडकवलं. "चुसोकच्या, सुगीच्या सणाआधी मी कुलूप लावणार आहे. ज्यांना जेवायला घातलं त्यांच्यापुढे मी चोर नाही म्हणून हात जोडायचे नाहीत मला."

सण फार दूर नव्हता. टेकडीवरच्या झाडांची पानं रंग बदलायला लागली होती. माझ्यात रस्सा अर्धाच शिजायचा आणि त्यातलाही उरायचा. बंद दुकानातल्या हंड्याचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या गल्लीच्या उताराच्या टोकाला दो-चिल भंगारवाल्याचं अंगण होतं.

आणि एका संध्याकाळी मी बो-रामची कुजबुज ऐकली.

"दो-चिलकाका, बुधवारी या. आई स्नानघरात जातात तेव्हा. हो, हातगाडी घेऊन. हंडा फार जड आहे. नाही नाही, आईंना अजिबात कळता कामा नये."

बघा! मी म्हटलं नव्हतं? मला तोंड आहे, पण ते नुसतं उघडं राहण्यासाठी. मी ओरडू शकलो नाही.

बुधवारी पिल-न्यो टॉवेलाची टोपली घेऊन सार्वजनिक स्नानघरात गेली आणि मागच्या दाराने दो-चिल आत आला. बो-रामने भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली सासूची जुनी हातोडी काढली. जहाजांचा गंज काढायची, तीच.

"सूनबाई, तुझी सासू मला याच हातोडीने मारेल," दो-चिल म्हणाला.

"आधी मला मारतील, काका. तुमचा नंबर नंतर."

तिने ओट्यावर घाव घातला. सिमेंट फुटलं. पुढचा घाव निसटून माझ्या काठावर बसला आणि ठण् असा आवाज सगळ्या गल्लीत घुमला. ज्या हातोडीच्या मालकिणीने मला निवडलं होतं, त्याच हातोडीने मला मोडलं जात होतं. मला राग आला नाही. मला फार वाईट वाटलं, एवढंच.

भिंतीतलं दार चिंचोळं, म्हणून त्यांनी मला मागच्या दाराने बाहेर काढलं आणि हातगाडीवर चढवलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. उजवीकडे उतार, खाली भंगाराचं अंगण. डावीकडे चढ. मी उताराकडे बघत होतो.

गाडी डावीकडे वळली.

दो-चिल धापा टाकत ढकलत होता, बो-राम ओढत होती. चढ चढून, कोपऱ्यावरून वळून, ती दोघं मला आमच्याच दुकानाच्या दर्शनी बाजूला घेऊन आली. खिडकीच्या काचेवर दुधी कागद नव्हता. बो-रामच्या नखांत अजून त्याचे कपटे अडकलेले होते. काचेच्या आत नवी लोखंडी तिवई मांडलेली होती, खाली शेगडी. माझ्या जुन्याच जागी.

मला तिवईवर ठेवतात न ठेवतात तोच पिल-न्यो धावत आली. स्नानघराच्या वाफेने चेहरा लालबुंद, ओले केस मोकळे, टोपली वाटेतच कुठे पडलेली. तिचे कान गेले होते, पण लोखंडावरच्या हातोडीचा आवाज तिच्यापर्यंत पोचत होता. एवढ्या लांबून तेवढा एकच आवाज पोचत होता.

"माझ्या हंड्यावर घाव कुणी घातला? कुणाला विचारून हलवलात?"

दो-चिल हातगाडीच्या मागे सरकला. आणि मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मी बो-रामला ओरडताना ऐकलं.

"मी! मी घातला! पडदासुद्धा मीच लावला होता! बाककाका तुमच्या शेजारी बसून रोज बघायचे, आई. मी मध्ये भिंत घातली. बघायची सोयच मी काढून घेतली, म्हणून लोक फटीतून बघायला लागले. दुकान बंद करायचं तर करा. पण पडद्याआड बंद करू नका!"

ती रडत होती. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या होत्या.

पिल-न्यो माझ्याजवळ आली. काठावर घाव बसलेली जागा तिने बोटाने चाचपली. मला तडा गेला आहे की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला, त्या क्षणी स्वतःवर घेतला. तडा गेला असता तर दुकान सणाची वाट न बघता तिथेच संपलं असतं.

तिने सुनेचं मनगट धरलं. "हात ठेव इथे. सपाट. दाबू नकोस." आणि स्वतः ठोकलं. एकदाच.

"लागलं हाताला?"

"थरथरलं," बो-राम म्हणाली.

"मग अख्खा आहे. तडा गेला की हाताला काही लागत नाही." तिने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "आता रडत काय बसलीस? हाडं धुवायला घे! आणि साबण कुठे आहे तो आधी मला दाखव!"

दुसऱ्या सकाळी काचेमागे माझी वाफ निघू लागली. येणारे-जाणारे थबकत होते. पिल-न्यो त्यांच्याकडे बघतही नव्हती. भात घालत होती, ओतत होती, परत सोडत होती. शेवटी एका तरुण मुलीने दारातून विचारलंच.

"मावशी, तुम्ही रस्सा परत का ओतता?"

"भात गार आहे म्हणून."

"अच्छा," मुलगी म्हणाली आणि आत येऊन बसली. एवढंच होतं ते, मित्रांनो.

सगळे परत आले असं मी सांगणार नाही. पांढरे बूट कधीच आले नाहीत. ती चित्रफीत अजून कुणाच्या तरी फोनमध्ये फिरत असेल. पण सणाच्या आधल्या आठवड्यात समोर एक टॅक्सी थांबली. बाक उतरला आणि काचेपाशी उभा राहिला. आत येईना, जाईना. पिल-न्योने त्याच्याकडे पाहिलं आणि ओगराळ्याने बाकड्याकडे खूण केली. तो येऊन माझ्या शेजारी बसला. तिने त्याच्या भातावर रस्सा ओतला, परत सोडला, ओतला, परत सोडला, आणि वाडगा स्वतः त्याच्यापुढे ठेवला.

"त्या पोराने फोन धरला, त्याचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. म्हणाली म्हणजे ओरडली, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "तो मला ओळखत नव्हता. तू ढवळून बघितलंस, बाक. ते लागलं मला."

बाकने मान वर केली नाही. त्याने भात खाल्ला, मांस खाल्लं, मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून शेवटच्या घोटापर्यंत रस्सा प्यायला. आणि वाडगा आपल्या तळहातावर पालथा घातला. एक थेंब पडला नाही.

"बघ मावशी," तो म्हणाला, "परत ओतायला काही ठेवलं नाही."

पिल-न्योने वाडग्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"आणि ती मुळ्याची फोड कुणासाठी ठेवलीस, मेल्या? तीही खा!"

बाकने ती फोड तोंडात टाकली आणि बाहीने डोळे पुसले. वाफ गेली डोळ्यात, असं म्हणाला. मित्रांनो, माझी वाफ कुठे जाते ते मला ठाऊक असतं. ती त्या वेळी काचेकडे जात होती.

कुलूप लागलं नाही. आता सकाळचं ओगराळं बो-रामच्या हातात असतं आणि सासू बाकड्यावर बसून तिला ओरडत असते. बो-राम अजूनही फोनवर कुजबुजते. समुद्रावरच्या नवऱ्याशी बोलते, असं म्हणतात. असेल. माझं लक्ष आहे.

तेव्हा मित्रांनो, तुम्हाला कुणाचा संशय आलाच तर जरूर घ्या, मीही घेतो. पण फटीतून बघून घरी जाऊ नका. समोर या, तळहात ठेवा, एकदा ठोका आणि हाताला काय लागतं ते बघा. आणि कधी आमच्याकडे आलात, मला तेलकट बघून तुमच्या मनात दया आलीच, तर हात जोडून सांगतो, साबण लावू नका.